बंदरावरचे सात तास

शहर पाहायला किती वेळ लागतो? आमच्या एका वृद्ध धर्मग्रामस्थाच्या मते एक आयुष्य पुरत नाही. आलिशान जहाजातून जलपर्यटनाला निघालेल्या प्रवाशाला मात्र त्यासाठी एक दिवस मिळतो. सकाळी बोट धक्क्याला लागते, न्याहारी आटोपून मंडळी उतरतात, बसमधून राजधानीची देवळे, राजवाडे, संग्रहालये पाहतात आणि संध्याकाळच्या चहाला बोटीवर परत येतात. कोलंबो, बँकॉक, मनिला ही अशी दिवसभराची शहरे. आमची मुंबईही आता त्या यादीत आहे. बॅलार्ड पिअरला नवे क्रूझ टर्मिनल बांधले गेले, २०२५ साली त्याचे उद्घाटनही झाले. थंडीच्या दिवसांत तेथे दहा-बारा मजली पांढऱ्या बोटी उभ्या असतात. दुरून पाहावे तर किनाऱ्याला नवी वसाहतच उभी राहिल्यासारखे वाटते.

अशाच एका बोटीवरच्या माणसांना मुंबई दाखविण्याचे काम गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे आले. माणसे म्हणजे प्रवासी नव्हेत. प्रवाशांसाठी वाटाडे होते, वातानुकूलित बसगाड्या होत्या. आमच्याकडे आले ते बोटीवर राबणारे सातजण. दर्यावर्दी लोकांसाठी ख्रिस्तसभेचे एक सेवाकार्य जगभर चालते. १९२० साली ग्लासगो येथे त्याची सुरुवात झाली. आज ते 'स्टेला मॅरिस' या नावाने ओळखले जाते. बंदरातील हे काम पाहणारे आमचे एक धर्मगुरू मित्र तापाने आजारी पडले. आदल्या रात्री त्यांचा फोन आला, "सात माणसे आहेत, सात तास आहेत. बारा आसनांची गाडी ठरवली आहे. तू गिरगावात वाढलास, लालबागला शिकलास. तुझ्यासारखा वाटाड्या कोठे मिळणार?"

स्तुती कोणाला आवडत नाही? आम्ही रात्री बारापर्यंत बसून यादी केली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गेटवे, वस्तुसंग्रहालय, खोताची वाडी, बाणगंगा, दादरचे पोर्तुगीज चर्च, चैत्यभूमी, लालबाग-परळचा गिरणगाव. प्रत्येक नावापुढे मिनिटे लिहिली. गुरुविद्यालयात मिळालेली शिस्त अशा वेळी उपयोगी पडते.

सकाळी नऊ वाजता बंदराच्या फाटकापाशी ते सातजण भेटले. तीन फिलिपिनो : खोल्या साफ करणाऱ्या दोन बाई आणि भटारखान्यातला साठीकडे झुकलेला एक आचारी. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरचा एक तरुण. दोघे गोव्याचे. आणि सातवा, पंचविशीचा, वेंगुर्ल्याकडचा. त्याने आमचे मराठी ऐकले मात्र, "फादर, तुमी आमच्याच मुलखातले की काय?" असे त्याने मालवणी हेल काढून विचारले. आम्ही होकार दिला. आमचे मूळ गाव सावंतवाडीच्या बाजूचे, तेरेखोलच्या अलीकडचे. यापलीकडे मात्र आम्ही त्याला काही सांगितले नाही. का सांगितले नाही, ते पुढे येईल.

पहिला मुक्काम टर्मिनसचा. १८७८ साली सुरू झालेले हे बांधकाम दहा वर्षे चालले, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, आणि दगडातली पाने-फुले, मोर, माकडे कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा मान दिला. हे सारे आम्ही इंग्रजीतून उत्साहाने सांगत होतो. पण ऐकत कोणीच नव्हते. स्थानकात फुकट इंटरनेट मिळते असे कळताच सातही जणांनी फोन बाहेर काढले होते. बोटीवर समुद्रात घरी बोलायचे तर पैसे पडतात. भिंतीला पाठ लावून, कोणी जमिनीवर बसून, ते घरच्यांशी बोलू लागले. आम्ही घड्याळ पाहिले. ठरविलेली वीस मिनिटे संपली, पस्तीस झाली. एवढी मोठी वास्तू पाठीशी उभी आणि ही माणसे हातातल्या काचेकडे पाहत आहेत! आम्हांला राग आला, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात त्या दोन बायांपैकी एक उठली. फोन उंच धरून ती हळूहळू फिरू लागली. कमानी दाखविल्या, घुमट दाखविला, मग दगडातल्या एका मोरापाशी जाऊन थांबली. फोनमधून एका लहान मुलाचे हसणे ऐकू आले. मुलगा सहा वर्षांचा. आईला त्याने नऊ महिन्यांत पाहिले नव्हते. जवळून मोर पाहिला तो त्याने. आईला तो मोर नीट दिसलाही नसेल. ती मुलाचे तोंड पाहत होती. आम्ही तोंडावर आलेले "चला, उशीर होतो आहे" हे शब्द गिळले. गेटवे आणि वस्तुसंग्रहालय ही दोन नावे यादीतून खोडली.

गिरगावात शिरलो. खोताची वाडी हे आमचे आवडते ठिकाण. दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि नारळी-पोफळीच्या वाडीत लाकडी जिने, पुढे व्हरांडा, उतरती कौले अशी घरे उभी राहिली. एके काळी पासष्ट घरे होती म्हणतात. आज तिसाच्याही आत आहेत. गल्लीतला क्रूस पाहून फ्लोरेसचा तो तरुण थबकला. मुंबईच्या गल्ल्यागल्ल्यांतले असे कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगनंतर, संकट टळावे म्हणून किंवा टळले म्हणून उभारलेले. तो म्हणाला, "आमच्या लारांतुकात अगदी असेच आहे." लारांतुका हे फ्लोरेसच्या पूर्व टोकाचे बंदर. १८५९च्या करारानंतर पोर्तुगीजांनी ते डचांच्या हवाली केले. पण तिथल्या पवित्र आठवड्यातील मिरवणुका आजही जुन्या पोर्तुगीज रिवाजाने निघतात.

एका घराच्या खिडकीकडे बोट दाखवून त्याने आपल्या भाषेतला शब्द सांगितला : जंदेला. वेंगुर्ल्याचा पोरगा ओरडलाच, "अरे, आमी जनेल म्हणतो!" मग दोघांची चढाओढ सुरू झाली. त्याचे 'गेरेजा', गोवेकरांची 'इगर्ज'. चार शतकांपूर्वी कोणा खलाशाने, कोणा पाद्र्याने बोटीतून आणून टाकलेले शब्द दोन दूरच्या किनाऱ्यांवर रुजले होते, आणि गिरगावच्या एका बोळात ते एकमेकांना भेटत होते. वाडीचा इतिहास आम्ही पाठ करून आलो होतो. हे मात्र आमच्या टाचणात नव्हते. बाणगंगेचा बेत येथेच रद्द झाला, पण त्याचे वाईट वाटले नाही.

दादरला गोखले रस्त्यावरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. मूळ मंदिर १५९६चे, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी बांधलेले. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ या काळात उभी राहिलेली. कोरियांनी एक भव्य दालन न करता अंगणे आणि दालने एकमेकांत गुंफली, आणि वर उंच कवचांसारखी छपरे ठेवली. वारा खालून येतो, तापलेली हवा वरून निघून जाते. रस्त्यावरचा गोंगाट दोन पावलांत मागे पडतो. येथे आम्ही पुन्हा एकदा वाटाड्याची भूमिका घेतली. प्रकाश वरून कसा उतरतो ते सांगत सांगत वळून पाहतो तो काय, सातपैकी पाचजण बाकावर झोपलेले! वृद्ध आचारी तर हनुवटी छातीवर टेकवून चक्क घोरत होता.

जागा असलेल्या गोवेकराने ओशाळून खुलासा केला, "फादर, रागावू नका. काल प्रवाशांची मेजवानी होती, रात्री दोनला सुटलो. पहाटे पाचला पुन्हा न्याहारीची तयारी." खलाशांच्या हक्कांविषयीचा २००६चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३पासून तो अमलात आला. चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती, आठवड्यात सत्त्याहत्तर तास, असे त्यात लिहिले आहे. जमिनीवर उतरायचे तर ते या विश्रांतीतूनच. म्हणजे मुंबई पाहण्यासाठी ही माणसे आपली झोप मोडून आली होती.

आम्ही त्यांना उठविले नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. त्या गारव्यात, त्या झोपलेल्या माणसांच्या सोबतीने, आम्हांला आमचे वडील आठवले.

आमचे वडील बोटीवर होते. मालवाहू बोटीवर, भटारखान्यात. आम्ही दहा वर्षांचे असताना, १९८० साली, शिक्षणासाठी आम्हांला लालबागला मावशीकडे ठेवण्यात आले. मावशीची खोली दहा बाय बाराची, माणसे सात. त्यामुळे बोट सुटली की वडील धोबीतलावच्या कुडात उतरत. कूड म्हणजे गोव्याच्या गावागावाने मुंबईत चालविलेला क्लब. जेर महालासारख्या इमारतींतून असे कितीतरी कूड आहेत. आमच्या आजीचे माहेर गोव्याचे. त्या नात्याने वडिलांच्या पेटीला तेथे जागा मिळाली होती. दर रविवारी आम्ही त्यांना भेटायला जायचो.

सहावीत असताना वर्गात आशियाच्या राजधान्यांचा धडा होता. आम्ही फुशारकीने सांगितले की आमच्या वडिलांनी या साऱ्या पाहिल्या आहेत. गुरुजी म्हणाले, "मग पुढच्या तासाला मनिलाची माहिती सांग." रविवारी धावत कुडात गेलो. मनिलात काय पाहिले, असे वडिलांना विचारले. ते पेटीवर बसून बटण शिवत होते. थोडा विचार करून म्हणाले, "आयतार होतो. मीस गावली." कोलंबोत काय होते? "माड. आपल्यासारकेच." एवढेच. राजवाडे नाहीत, पुतळे नाहीत. सोमवारी वर्गात आम्ही ग्रंथालयातल्या पुस्तकातून उतरून आणलेली मनिला सांगितली आणि ती वडिलांच्या तोंडी घातली. टाळ्या पडल्या. पण जग पाहूनही ज्याने काही पाहिले नाही असा हा माणूस आमचा बाप आहे, ही बोच त्या दिवशी मनात बसली ती बसलीच.

पुढे गुरुविद्यालयात प्रवेश घेतला. अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. शेजारच्या मुलाने 'डॉक्टर' लिहिले होते. आम्ही 'नोकरी' लिहिले. कोणी तोंडी विचारले तर "बोटीवर असतात" एवढेच सांगायचो आणि ऐकणाऱ्याने अधिकारी समजले तर समजू द्यायचो. आमच्या गुरुदीक्षेच्या दिवशी एका प्रतिष्ठित पाहुण्याने वडिलांच्या देखत विचारले, "कॅप्टन का?" आम्ही हसलो. नाही म्हणालो नाही. वडिलांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि ते जेवणाची व्यवस्था पाहायला आत निघून गेले. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी कधी केला नाही. २००४ साली ते गेले. पापनिवेदनाच्या आसनावर आम्ही अनेकांना सांगितले आहे की, झालेल्या चुकीला तिच्या नावाने हाक मारा. स्वतःच्या या चुकीला मात्र आम्ही नाव दिले नव्हते.

आता त्या बाकावर बसून पाहत होतो. मनिलात रविवार होता, मिस्सा मिळाली, असे ते म्हणाले होते. म्हणजे रात्रभर राबलेला माणूस झोपेतून तास काढून अनोळखी शहरात चर्च शोधत गेला असेल. कदाचित पंख्याखाली बसून असाच डुलकला असेल. प्रेषित पौल अथेन्सला सोबत्यांची वाट पाहत थांबला होता, तेव्हा त्यानेही शहर पायी पाहिले. साऱ्या वेद्यांतून एकच वेदी त्याने लक्षात ठेवली, अज्ञात देवाची. माणूस जे शोधत असतो तेच त्याला दिसते. आमच्या वडिलांनी मनिलाचे जे वर्णन केले होते, ते अपुरे नव्हते. त्यांना जे हवे होते ते त्या शहराने त्यांना दिले होते.

दीडच्या सुमारास मंडळी जागी झाली आणि शरमली. आम्ही म्हणालो, "वास्तू छान आहे ना? झोप लागते." सगळे हसले. चैत्यभूमीचे दर्शन गाडीतूनच घडविले. ज्या शिवाजी पार्कवर १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मिस्सेला आम्ही लोटलेल्या गर्दीत उभे होतो, ते मैदानही जाता जाता दाखविले. दोन्ही फिलिपिनो बायांनी क्रूसाची खूण केली.

लालबागला उतरलो. मसाल्याच्या कांडपाचे दिवस सुरू होत होते. डंकांचा ठेका दुरूनच ऐकू येत होता आणि हवेत मिरचीचा खकाणा. सातही जण शिंकू लागले, डोळे पुसू लागले, पण दुकानासमोरून हलेनात. वृद्ध आचाऱ्याने दगडफुलाचा तुकडा हातात घेऊन हुंगला, दातांत धरला आणि हे काय, कशात घालतात, किती भाजतात, असे एकापाठोपाठ एक प्रश्न विचारले. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता. राजवाड्यात विद्वान रमतो, तसा तो त्या दुकानात रमला. गोव्याच्या दोघांनी चिवडा गल्लीतून दोन-दोन किलो चिवडा घेतला.

मावशीची चाळ जेथे होती तेथे आता टोलेजंग इमारत आहे. आम्ही त्यांना गिरण्यांची गोष्ट सांगितली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मिटलाच नाही. हजारो घरे मात्र मिटली. आमच्या मावशीचे यजमान त्यांपैकीच एक. वर्ष गेले, दीड वर्ष गेले, पण मावशीची चूल विझली नाही. आम्हांला तेव्हा वाटायचे, काकांनी शिल्लक ठेवली असेल. मावशीने मरणापूर्वी खरे सांगितले : "तुझ्या बापाच्या बोटीच्या पैशावर आम्ही जगलो. कोणास सांगू नको म्हणाला होता." हे सारे आम्ही त्या सातजणांना सांगितले, फक्त 'बापाच्या' या शब्दाऐवजी 'एका नातेवाइकाच्या' असे म्हणालो. जुनी सवय अशी लगेच जात नाही.

साडेतीन वाजले. परतीच्या वाटेवर थोडा वेळ हाताशी राहिला. गोव्याच्या एकाने विचारले, "फादर, धोबीतलाव वाटेत लागतो का? माझा आजा तिथल्या कुडात राहायचा. मी कधी पाहिला नाही." यादीत नसलेले हे ठिकाण. आम्ही चालकाला गाडी वळवायला सांगितली.

त्याच्या आजोबांच्या गावचा कूड नेमका कोणता, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून आम्हांला ठाऊक असलेल्या कुडात गेलो. लाकडी जिना तोच, तिसऱ्या पायरीचा आवाजही तोच. वर लांबट खोली, भिंतीलगत ओळीने पेट्या, समोर वेदी आणि गावच्या संताची तसबीर. बोटीची वाट पाहणारी दोन-तीन तरुण मुले फोनवर बसली होती. एके काळी येथे चाळीस-पन्नासजण असत. संध्याकाळी सर्वांनी मिळून रोजरी म्हणायची, न येणाऱ्याला दंड. आमचे सातजण आपोआप वेदीपाशी गेले आणि कोणी न सांगता गप्प उभे राहिले. मग वेंगुर्ल्याच्या मुलाने विचारले, "फादर, तुमका ह्या जागेची वाट कशी काय ठाऊक?"

आम्ही जनेलाखालच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. म्हणालो, "तिथे आमच्या वडिलांची पेटी असायची. ते बोटीवर होते. तुमच्यासारखेच. भटारखान्यात."

बोलायला किती सोपे होते! वृद्ध आचारी पुढे आला. एक आचारी दुसऱ्या आचाऱ्याची चौकशी करतो तशा सहज आदराने त्याने विचारले, "कोणत्या बोटीवर, फादर? कदाचित मी ओळखत असेन."

आम्हांला उत्तर देता आले नाही. वडिलांच्या एकाही बोटीचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. आशियाच्या राजधान्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलाने बापाला हा एक प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

चार वाजता फाटकापाशी निरोप घेतला. त्या बाईने मुलाचा फोटो दाखवून आशीर्वाद मागितला. आचाऱ्याने हात हातात घेतला आणि म्हणाला, "नाव सापडले तर कळवा."

रात्री कपाट उघडले. तळाशी वडिलांचे सीडीसीचे पुस्तक होते. ते हयात असल्यापासून आम्ही ते उघडून पाहिले नव्हते. पानोपानी बोटींची नावे होती, चढल्याच्या आणि उतरल्याच्या तारखा होत्या, आणि कामाविषयी व वर्तनाविषयी प्रत्येक बोटीने मारलेला शिक्का होता : उत्तम. एकोणीस बोटी, एकोणीस वेळा उत्तम. हुद्द्याच्या रकान्यात अखेरच्या काही नोंदींत सेकंड कुक. त्याआधी सगळीकडे एकच : जनरल सर्व्हंट. साध्या मराठीत सांगायचे तर सर्वांचा सेवक. आमच्या गुरुदीक्षेच्या निमंत्रणपत्रिकेवर आमच्या नावाखाली आम्ही याच अर्थाचे शब्द मोठ्या हौसेने छापून घेतले होते.

'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून निघून सहा महिन्यांहून अधिक समुद्रप्रवास करून गोव्याला उतरले. १० नोव्हेंबर रोजी त्यांनी आपल्या वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. वारे, मासे, पक्षी, खलाशांचे आजार, सारे त्यात आहे. ते पत्र आजही वाचायला मिळते. दर्यावर गेलेला मुलगा घरी राहिलेल्या बापाला लिहितो, ही रीत झाली. आमच्याकडे दर्यावर गेला तो बाप, आणि घरी राहिलेल्या मुलाने त्याला कधी काही विचारले नाही. वडिलांनी लिहिले नाही, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे मनात बाळगली. पण ते पुस्तक म्हणजे पत्रच होते, आणि ते आमच्याच कपाटात होते.

आम्ही एकोणीस नावे कागदावर उतरवून काढली आणि आजारी मित्रामार्फत त्या आचाऱ्याकडे धाडली. दीड महिन्याने निरोप आला. अकराव्या क्रमांकाची बोट त्याला ठाऊक होती. तो तिच्यावर कधी नव्हता, पण त्याचा थोरला भाऊ होता. भटारखान्यात एक भारतीय होता, तो रविवारी पाव स्वतः भाजायचा आणि मगच इतरांना उठवायचा, असे भाऊ सांगत असे. तो आमचा बापच असेल असे नाही. भारतीय पुष्कळ होते.

आता महिन्यातून एकदा आम्ही बंदरावर जातो. यादी करीत नाही. फाटकापाशी भेटणाऱ्यांना आधी विचारतो, "तुम्हांला काय हवे आहे?" कोणाला फोन हवा असतो, कोणाला मिस्सा, कोणाला नुसते अर्धा तास न हलणाऱ्या जमिनीवर बसायचे असते. त्यानंतर वेळ उरलाच तर मुंबई दाखवितो. आणि वाटेत कोणी विचारले, फादर, तुमचे वडील काय करीत, तर थांबून, नीट, बोटीच्या नावासकट सांगतो.